सेठसाठी सोलर

२६ ऑक्टोबर, रविवार
मयूरी आज हैद्राबादला गेली. बेल्याहून आदिलाबादच्या बसमध्ये बसवून दिलं, पुढे रेल्वे. नर्सिंगचं पहिलं वर्ष. दिवाळीत सहा दिवस घरी होती. सहा दिवसांत माझ्याशी एकूण चार वाक्यं बोलली. त्यातली तीन जाताना बसच्या खिडकीतून, आणि तिन्ही माशांबद्दल.

घरात काचेची पेटी आहे, दोन फुटी. दहावी पास झाली तेव्हा तिनं मागून घेतली होती. आत दोन मासे. एक लठ्ठ, केशरी, त्याचं नाव सेठ. भैंसा गावातल्या कापूस जिनिंगवाल्यासारखा पोट पुढे काढून फिरतो म्हणून. दुसरा बारीक, करडा, कायम सेठच्या मागे. तो मुनीम. त्यांना हवा मिळावी म्हणून एक चिमुकली मोटर, ती पाण्यात बुडबुडे सोडते. मयूरी म्हणाली, मोटर बंद पडू देऊ नका, संक्रांतीला येईन तेव्हा सेठ मला धडधाकट पाहिजे. मी म्हणालो, बरं. बस गेल्यावर आणखी बरंच सुचलं.

निश्चय: सेठची जबाबदारी पूर्णपणे माझी. विमलनं यात लक्ष घालू नये. तिला तसं सांगितलं. ती वांगी चिरत होती. चिरता चिरता बरं म्हणाली. बायको इतक्या लवकर बरं म्हणते तेव्हा नवऱ्यानं सावध व्हावं, पण मी विषय बंद केला.

२७ ऑक्टोबर
भाऊबीजेला विमलला घेऊन कोरपन्याला गेलो होतो. त्याचा राग अजून उतरला नाही, म्हणून लिहून ठेवतो.

वैभव, माझा साळा. नदीच्या पलीकडे, म्हणजे महाराष्ट्रात राहतो, एवढ्याच भांडवलावर स्वतःला पुढारलेला समजतो. यंदा शेतात सोलर पंप बसवलाय. जेवायच्या आधी दाखवला. जेवण झाल्यावर परत दाखवला. म्हणे तेलंगाणात लाईन फुकट भेटते म्हणून भाऊजी लोकांना डोकं चालवायची गरजच पडत नाही. पाटावर बसलेल्या जावयाशी असं बोलतात का? आणि यावर विमल हसली. माहेरी गेली की ती जरा जास्तच हसते.

निर्णय झाला. सेठची मोटर सोलरवर चालणार.

विमलनं सांगितलं की आपल्याकडे लाईट चोवीस तास असते. मग सांगितलं की बिलही झिरो येतं. मुद्दा तो नाही. मुद्दा काय आहे हे तिला समजेल अशा भाषेत मांडता आलं नाही, पण मुद्दा आहे.

३० ऑक्टोबर
तीन दिवस ढग आणि पाऊस. बोंडं फुटलेली, वेचायला आलेला कापूस झाडावरच भिजला. गावातले लोक आभाळाकडे पाहून शिव्या देतात. मी घरी बसून अभ्यास केला. मोबाईलवर सोलरचे अकरा व्हिडिओ पाहिले. नऊ हिंदी, दोन तेलुगू. तेलुगू जास्त चांगले वाटले. सगळं समजत नसल्यानं मध्येच शंका येत नाही.

२ नोव्हेंबर
आदिलाबादहून सामान आणलं. पॅनल, बॅटरी, इन्व्हर्टरचा डबा. डब्यावर हिरवा लाईट आणि मोबाईलसारख्या चार काड्या. चार म्हणजे बॅटरी फुल्ल.

बसवायला लखन आला. बेल्यात मोटर वायंडिंगचं दुकान आहे त्याचं. तालुकाभरच्या जळलेल्या मोटरी त्यानं बांधल्या, त्यामुळे कुणालाही शहाणपण शिकवायचा परवाना मिळाला असं त्याला वाटतं. म्हणाला पॅनलचं तोंड दक्षिणेला करा. दक्षिणेला! आमच्या घराचं दार पूर्वेला, देव पूर्वेला. दक्षिणेकडे माणसाचे फक्त पाय करतात, तेही आयुष्यात एकदाच, आणि तेव्हा तो माणूस नसतो. शिवाय सूर्य उगवतो कुठे? उगवत्या देवाला पाठ दाखवून त्याच्याकडेच करंट मागायचा? लखन म्हणाला, काका, उगवते तिकडून, पन दिवसभर राहते कोठं ते पाहा ना. मी म्हटलं तू वायर ओढ.

घराच्या स्लॅबवर पूर्वाभिमुख बसवलं. नारळ फोडला. विमलनं पॅनलला हळदकुंकू लावलं, ओवाळलं, आणि विचारलं की यावर कुरडया वाळतील का. उत्तर दिलं नाही.

४ नोव्हेंबर, सकाळ
साडेसातला मयूरीला फोन लावला. बातमी दिली: सोलर चालू, चार काड्या, सेठ मजेत. तिला खरं वाटेना. पॅनल केवढं, बॅटरी किती वेळ पुरते, वायर कुठून आणली, सगळं विचारलं. मी सगळं सांगितलं, जे माहीत नव्हतं तेही.

नऊ मिनिटं बोललो. आजवर तिचा फोन आला की मी "घे, आईशी बोल" म्हणून विमलच्या हातात देत असे. नऊ मिनिटं! सोलरचा हा फायदा अकरापैकी एकाही व्हिडिओत सांगितला नव्हता.

नवीन नियम: रोज साडेसातला रिपोर्ट.

६ नोव्हेंबर
सेठमध्ये फरक पडलाय. सकाळी मी बैठकीत आलो की तो पाण्याच्या अगदी वर येतो आणि माझ्याकडे पाहून तोंड उघडतो, मिटतो, उघडतो. ओळखायला लागला. मुनीमही तसंच करतो, पण त्याचं काय, तो सेठचं पाहून करतो.

कौतुकानं विमलला बोलावून दाखवलं. तिनं तांब्या आणला. पेटीतलं पाणी काढून वरून पेटीतच धार धरायला लागली. वीसेक तांबे. विचारलं, हे काय? म्हणाली जीव घाबरा झालाय त्याचा. अडीच वर्षं दाणे टाकून तिला जे जमलं नाही ते मला दहा दिवसांत जमलं, ते तिला बघवलं नाही, दुसरं काय.

(मोटर पहाटे केव्हातरी बंद पडली होती असं दिसतं. काडी एकही नव्हती. थंडीमुळे. बॅटरी नवीन आहे, सवय व्हायला वेळ लागतो.)

७ नोव्हेंबर
पहिल्या वेच्याचा कापूस घरी आला. दरसाल तो बैठकीतच भरतो, दुसरी जागा नाही. विमल म्हणाली पेटी ओसरीत न्या. नाही म्हटलं. एकदा केलेलं वायरिंग हलवायचं नसतं. मग तिनं आणि मजुरीच्या बायांनी पेटीच्या आजूबाजूनं कापूस रचला. ढीग खिडकीच्या वर गेला. भिंतीवरचा लाईटचा बोर्ड, कॅलेंडर, आमच्या लग्नाचा फोटो, सगळं कापसाच्या मागे गेलं. आता ते थेट कापूस विकेल तेव्हा दिसणार. फोटोचं तिला काही वाटलं नाही. तीन महिने डोळ्यांना आराम, म्हणाली.

८ नोव्हेंबर
रिपोर्ट आज व्हिडिओवर दिला. सेठ वर आला होता, तोंड उघडमीट चालू होती. म्हटलं, बघ, कसे लाड करतो माझे. मयूरीचा चेहरा उतरला. म्हणाली, "बाबा, थो लाड नाई करून राह्यला. त्याले हवा नाई भेटून राह्यली."

मी म्हटलं टेस्टिंग चालू आहे. तिनं आईला फोन द्यायला सांगितलं. दोघी अर्धा तास बोलल्या, न्हाणीकडे जाऊन, हळू आवाजात. बायकांचं असतं काहीतरी.

दुपारी वावरात गेलो. परतलो तर लखन घरातून निघत होता. हातात पाना-पकड, अंगाला कापूस चिकटलेला. सर्व्हिसिंग केली म्हणाला. पैसे घेतले नाहीत. माझ्याकडे पाहतही नव्हता. दक्षिण-पूर्वेच्या वादात हरल्याची लाज असेल. चांगलं आहे, माणूस सुधारतो.

९ नोव्हेंबर
मोटर रात्रभर अखंड चालली! सकाळी सेठ खाली तळाशी, मजेत. वर आला नाही. जरा वाईट वाटलं, पण लाडही रोज रोज करायचे नसतात.

विमलनं पेटीच्या स्टुलाला पडदा शिवलाय, जुन्या लुगड्याचा. खाली बॅटरी आणि डबा आहे ना, त्यात कापसाची धूळ जाते म्हणाली. काड्या दिसायला तेवढं एक भोक ठेवलंय. पडदा कुणी उघडायचा नाही असा नियमही तिनंच काढला. मला पटला. माझ्या कामाची किंमत तिला उशिरा का होईना कळायला लागली.

१६ नोव्हेंबर
आठ दिवस. मोटर क्षणभर थांबलेली नाही. आणि बॅटरी? चार काड्या. सकाळी चार, दुपारी चार, संध्याकाळी चार. दिवसरात्र मोटर चालते आणि बॅटरी कणभर उतरत नाही. हे जगात कुणी केलं असेल असं वाटत नाही. पूर्व दिशेचा गुण.

मयूरीला सांगितलं. "हो का," म्हणाली. मग हॉस्टेलच्या सांबाराबद्दल बोलली. मग वार्डातल्या पहिल्या ड्यूटीबद्दल. एका म्हाताऱ्याला सुई टोचताना हिला शीरच सापडेना, तर त्यानंच हिला धीर दिला. मला हे कुणी कधी सांगितलं नव्हतं. अठरा मिनिटं.

२३ नोव्हेंबर
शेजारचे रामाजी ओट्यावर आले. मंडल ऑफिसात चपराशी होते, रिटायर होऊन बारा वर्षं झाली तरी भाषा कचेरीचीच. माझी सिस्टीम समजावून सांगितली. पंधरा दिवस, एकही काडी खाली नाही. त्यांनी कान देऊन ऐकलं, घरात विमलकडे पाहिलं, आणि विचारलं की याची तसदीक, म्हणजे पडताळणी, कुणी केली. मी म्हटलं मीच केली, रोज करतो, तारीखवार लिहून आहे. ते म्हणाले मग ठीक आहे. चहा पिऊन गेले. जाताना हसत होते. विद्येचा आनंद म्हाताऱ्यालाही होतो.

निश्चय: वैभवला संक्रांतीला बोलवायचं. बघू दे.

२ डिसेंबर
वाईट दिवस. सरकारी खरेदी केंद्रावर कापूस न्यायचा स्लॉट मिळाला होता. अर्धा ढीग, पेटीच्या बाजूचा, गाडीत भरून नेला. तिथे कापसात मशीन खुपसतात, ओल किती ते आकडा सांगतो. बारापर्यंत घेतात. आमचा सोळा. परत पाठवला.

शेजारच्या गाडीतला कापूस नऊ. आमच्याच शिवारातला, एकाच पावसात भिजलेला, एकाच उन्हात वाळलेला. मी म्हटलं मशीन खराब आहे. विमल म्हणाली कापूस महिनाभर बुडबुड्यांच्या शेजारी झोपतोय, त्याला ओल येणार नाही तर काय येणार. अख्ख्या आदिलाबाद जिल्ह्यात कापसाच्या घरात तलाव करणारा एकच माणूस आहे, असंही म्हणाली. गाडीवाल्यासमोर. मी ऐकून घेतलं. संशोधकाला घरातूनच विरोध होतो.

तरी पेटीवर फळी झाकली. मध्ये प्लास्टिक बांधलं. हे मी माझ्या मनानं केलं, तिच्या बोलण्यानं नाही.

५ डिसेंबर
परत आलेला कापूस स्लॅबवर वाळत घातलाय. सगळी स्लॅब पांढरी. वर चढून पाहिलं तर पॅनल दिसेना. तेही कापसाखाली! उतारावर कापूस चांगला वाळतो म्हणे. मी ओरडायला खाली आलो. येता येता पडद्याच्या भोकातून पाहिलं.

चार काड्या. मोटर चालू.

ओरडणं रद्द. बसून विचार केला. पॅनलवर वीतभर कापूस, ऊन आत जायला वाट नाही, आणि बॅटरी तरी फुल्ल. याचा अर्थ एकच. कडक उन्हापेक्षा कापसातून गाळून आलेला उजेड पॅनलला जास्त मानवतो. पिठाला चाळणी लावतो तसं. हा शोध कापूस पिकवणाऱ्या माणसालाच लागू शकतो. वैभवच्या कंपनीवाल्यांना शंभर वर्षं लागला नसता.

मयूरीला सांगितलं. मग आवाज आला, कुणीतरी तोंडावर हात ठेवल्यासारखा. सर्दी झाली म्हणाली. हैद्राबादची हवा. आल्याचा काढा घे म्हटलं. माझी मुलगी, माझ्या सांगण्यावरून काढा घेणार. बरं वाटलं.

१२ डिसेंबर
चमत्कारिक प्रकार. सकाळी दहाला मोटर बंद. काड्या चार! विमल वावरात. मी फळी काढली, तांब्या घेतला आणि धार धरली. कमरेला कळ लागली तरी थांबलो नाही. सेठ वर यायला लागला तेव्हा त्याच्याशी बोललो. काय बोललो ते लिहीत नाही. भीती वाटली. नुसत्या माशाची नाही. संक्रांतीला मयूरी येणार आणि मी रिकामी पेटी दाखवणार, हे डोळ्यांसमोर आलं. मग तिच्याशी बोलायला माझ्याकडे राहणार काय?

दुपारी दोनला मोटर आपोआप सुरू झाली.

गावात त्याच वेळी लाईनही आली. ट्रान्सफॉर्मरचं काम होतं, दहा ते दोन लाईन बंद होती. विचित्र योगायोग. माझं अनुमान: तारांमध्ये एक प्रकारची सहानुभूती असते. लखनला विचारलं. त्याला एकदम खोकला आला आणि तो दुकानाच्या मागे गेला.

१ जानेवारी
नवीन वर्षाचे संकल्प. एक, पॅनल दर आठवड्याला पुसणे. दोन, विमलशी वाद न घालणे. तीन, गाळलेल्या उजेडाचा शोध कुठेतरी छापून आणणे. चार, मयूरी आली की तिच्याशी फोनवर बोलतो तसंच समोरही बोलणे. चौथा सगळ्यांत अवघड.

(पॅनल पुसायला गेलो होतो. त्यावर बोरं वाळत होती. तसाच खाली आलो. संकल्प क्रमांक दोन.)

११ जानेवारी
मयूरी आली. बॅग ठेवायच्या आधी पेटीपाशी गेली. सेठ गुटगुटीत. मुनीमसुद्धा भरलाय, आता त्याला स्वतःचं दुकान टाकायला हरकत नाही. ती काचेला नाक लावून बसली. म्हणाली बाबांनी लय चांगलं सांभाळलं. मी म्हटलं मी काय केलं, सगळं सूर्यदेवानं केलं. विमल आत भाकरी थापत होती. भाकरीवरचा हात एकदम जोरात पडला.

समोर बसून पाच मिनिटं बोललो. जमतं.

१३ जानेवारी
लिहायचं नव्हतं. पण दोन महिने रोज खरं लिहिलं, तर आजचंच का टाळावं. खरं म्हणजे, जे खरं वाटलं ते लिहिलं.

आज दुसरा स्लॉट होता. सकाळी गाडी आली. भोगीसाठी वैभव कालच आला होता, तोही कापूस भरायला लागला. लखन होता. रामाजी ओट्यावर. मी मयूरीला आणि वैभवला पेटीपाशी उभं करून सिस्टीम समजावत होतो. पूर्व दिशा झाली. चार काड्या झाल्या. गाळलेल्या उजेडावर आलो होतो.

तेवढ्यात मागचा ढीग उपसला गेला आणि भिंत दिसायला लागली. आधी कॅलेंडर, नोव्हेंबरवर थांबलेलं. मग लग्नाचा फोटो. मग बोर्ड. बोर्डात एक काळा प्लग, बटन चालू, लाल दिवा पेटलेला.

मला इतकंच वाटलं की कुणीतरी निष्कारण करंट जाळतंय. दोन महिने, कापसाच्या ढिगात, आग लागली असती तर? मी म्हटलं हे कुणी चालू ठेवलं, आणि पुढे होऊन बटन बंद केलं.

बुडबुडे थांबले.

मी पडद्याच्या भोकातून पाहिलं. चार काड्या. पडदा उचलला. नियम मोडला. डब्यात काहीच खोचलेलं नव्हतं, मग काड्या उतरणार कशानं. मोटरची वायर डब्याला वळसा घालून स्टुलाच्या मागून निघाली होती, भिंतीच्या कडेनं बोर्डापर्यंत. नीट, खिळे मारून. लखनचं काम चांगलं असतं.

मयूरी उठली आणि तिनं बटन चालू केलं. बुडबुडे आले. सेठला काही फरक पडला नव्हता. मुनीम त्याच्या मागेच होता.

वैभव काही बोलला नाही. त्याचा तो स्वभाव नाही, म्हणजे त्यालाही माहीत होतं. लखन गाडीकडे गेला. विमल म्हणाली चहा ठेवते. ओट्यावरून रामाजींचा आवाज आला, "झाली तसदीक."

कापूस घेतला त्यांनी. आकडा दहा आला. हे लिहायला आनंद व्हायला पाहिजे होता.

१४ जानेवारी, संक्रांत
विमलनं तिळगूळ दिला. मी घेतला. गोड बोलायला मला काही सुचलं नाही, तिला सुचलं. म्हणाली, "मागल्या महिन्यात बारा तारखेले तुमी चार घंटे धार धरली, रामाजी सांगत होते. मी तं सोलरले हसली, तुमाले नाई." मग ज्वारीच्या राशीकडे निघून गेली.

स्लॅबवर एकटाच बसलो होतो, पॅनलपाशी. दुपार होती. ऊन सरळ पॅनलच्या पाठीवर. पाठीवर! अडीच महिन्यांत दुपारी वर येऊन हे एकदाही पाहिलं नव्हतं.

मयूरी आली, शेजारी बसली. विचारलं, तुला केव्हापासून माहीत. म्हणाली आठ नोव्हेंबरपासून. तिनंच आईला सांगितलं होतं बोर्डाला लावायला. लखनकाकांनाही तिनंच फोन केला. मी विचारलं मग मला का नाही सांगितलं, दोन महिने रोज मूर्खासारखं काड्या मोजून सांगत होतो, तू ऐकत होतीस.

ती बोरं खात होती.

"तुमी रोज सकायी फोन करत होते, बाबा. मंग काऊन सांगू?"

यावर काय बोलायचं असतं, हे कुठल्याच व्हिडिओत नाही. मी तिच्या हातातली बोरं घेतली. आंबट होती.

१८ जानेवारी
मयूरी गेली. बसच्या खिडकीतून काहीच सांगितलं नाही. सेठचंही नाही. मी बस सुटेपर्यंत थांबलो, सुटल्यावरही थोडा थांबलो.

येताना लखनच्या दुकानात गेलो. पॅनलचं तोंड फिरवायला कधी येतोस विचारलं. दक्षिणेला, म्हटलं, तू म्हणतोस तसं. तो म्हणाला आता फिरवून काय करता काका, काकूंनी त्याच्याखाली कोंबडीची पिल्लं ठेवली आहेत, पूर्वेला तोंड असलं तरच सावली बरोबर पडते. तेव्हा तेही राहिलं.

१९ जानेवारी, सकाळ
साडेसात वाजले. सवयीनं फोन हातात घेतला. सांगण्यासारखं काहीही नाही. सेठ बरा आहे, पण तो बोर्डावर बरा आहे, त्यात माझं काही नाही. सोलरचं सगळं संपलं. फोन खाली ठेवला. चहा घेतला. निश्चय केला की उगाच पोरीला त्रास द्यायचा नाही, ड्यूटीची घाई असेल तिला.

सात चाळीसला तिचाच आला. मी सवयीनं विमलकडे द्यायला निघालो होतो. ती म्हणाली आईला नाही, तुम्हालाच केला. आज उशीर का झाला, रिपोर्ट कुठे?

मी म्हटलं कसला रिपोर्ट आता.

"काड्या किती हायेत, बाबा?"

स्टुलापाशी जाऊन वाकून पाहिलं.

चार, म्हटलं. खोटं नव्हतं.